गाडी गॅरेजात, बायको बर्फात

मिशिगनमधल्या नोव्हायहून एका वाचकांनी लिहिलंय: "२०११ साली १९६७ ची पॉन्टिॲक जीटीओ घेतली, १४,५०० डॉलरना. गाडी कसली, सांगाडाच होता. बारा वर्षं शनिवार-रविवार तिच्यात घातले. सुटे भाग, रंग, क्रोम, इंजिनचं बाहेरून करून घेतलेलं काम मिळून साधारण ४१,००० डॉलर गेले. आता ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ ५८,००० द्यायला तयार आहेत. मुलगी अकरावीत आहे, २०२७ च्या फॉलला कॉलेज. आम्हा दोघांचं मिळून उत्पन्न १,८५,०००. घराचं कर्ज आहे, पण ३.१ टक्क्यांनी. बायको म्हणते, विकून टाक. इतके हिवाळे जीटीओ गॅरेजात आणि तिची गाडी बाहेर बर्फात. मित्र म्हणतात, थांब, या गाड्यांचे भाव वाढतच जाणार, कॉलेजसाठी पालकांना मिळतं ते सरकारी कर्ज काढ. काय करू?"

नमस्कार. मित्रांपासून सुरुवात करतो, कारण वहिनींचं म्हणणं पत्रातच सिद्ध झालेलं आहे.

भाव वाढतच जाणार हे कशावरून? १९६७ मध्ये पॉन्टिॲकने ८१,००० हून जास्त जीटीओ विकल्या. त्यातल्या 'राम एअर' या जादा दमदार इंजिनवाल्या हजाराच्याही आत, त्यांची गोष्ट वेगळी. तुमची ४०० घनइंची, ३३५ अश्वशक्तीची साधी हार्डटॉप. देखणी आहे, पण दुर्मिळ नाही. आणि ज्यांनी अठराव्या वर्षी ती शोरूमच्या काचेतून पाहिली, ते आज पंचाहत्तरी ओलांडून गेलेत. तुमचे गिऱ्हाईकही निवृत्तच आहेत, बघा. २०२१-२२ च्या तेजीत या गाड्यांना जे भाव आले, त्यानंतर बाजार थंडावलाय. पॉन्टिॲक हे नावच जनरल मोटर्सने २०१० मध्ये बंद केलं, त्यामुळे नव्या पिढीला त्याची ओढ लागावी असं रस्त्यावर काही उरलेलं नाही. पुढे भाव पडेलच असं मी म्हणत नाही. पण 'वाढणारच' या भरवशावर मुलीच्या कॉलेजसाठी कर्ज काढायचं, हे मला पटत नाही.

आमच्या घरी सांगलीला वडिलांची लॅम्ब्रेटा 'भाव येईल' म्हणत वर्षानुवर्षं अंगणात ताडपत्रीखाली होती. शेवटी भंगारवाल्याने वजनावर नेली. तुमच्या गाडीचं तसं होणार नाही, पण ताडपत्री दिसली की मला ते आठवतं.

आता ते कर्ज. पालकांसाठीच्या प्लस कर्जाचा २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के आहे, वर सुरुवातीलाच चार टक्क्यांहून थोडी जास्त फी कापून घेतात. म्हणजे प्रश्न गाडी विकायची की ठेवायची एवढाच नाही. जवळजवळ नऊ टक्क्यांनी पैसे उसने घेऊन गॅरेजात एक जीटीओ ठेवायची का, असा तो आहे. असा विचारला तर तुम्ही स्वतःच काय उत्तर द्याल? गाडी नसती आणि हातात ५८,००० रोख असते, तर मुलीच्या फीला कर्ज काढून तुम्ही ती विकत आणली असती का?

माझं मत: विका. पण त्याआधी एक काम आहे, आणि ते सोपं नाही.

५८,००० मधून १४,५०० आणि ४१,००० वजा केले की नफा २,५००. करही त्याच्यावरच. पण हे ४१,००० कागदावर दाखवता आले तर! दाखवता आले नाहीत, तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या लेखी तुमची खरेदी १४,५०० ची, आणि नफा ४३,५००. अशी जुनी गाडी 'संग्रहवस्तू' धरली जाऊ शकते. तिच्यावर २८ टक्के कर लागतो असं तुम्ही ऐकलं असेल. २८ ही वरची मर्यादा झाली, तुमचं उत्पन्न २२ टक्क्यांच्या टप्प्यात बसतं. तरी २२ टक्क्यांनी ९,५७० आणि मिशिगनचे ४.२५ टक्के धरून आणखी १,८५० च्या आसपास. पावत्या नसल्या तर ११,४०० डॉलर हातचे गेले. सगळ्या असल्या तर सहाशे-सातशेत भागेल.

तर पावत्या कुठे आहेत? माझ्याकडे अशी मंडळी येतात ती बहुधा बुटांचा खोका घेऊन. झाकण उघडलं की वंगणाचा वास, आणि आत थर्मल कागदाच्या गुंडाळ्या. एका गृहस्थांनी कार्ब्युरेटरची पावती म्हणून जी दिली ती दोन्ही बाजूंनी कोरी होती. उन्हाकडे धरली तेव्हा कुठे दुकानाच्या नावाची दोन अक्षरं दिसली. ही शाई आपोआप उडते, गॅरेजच्या उकाड्यात तर लवकरच. आज संध्याकाळी बसा आणि जे वाचता येतंय त्याचे फोटो काढा. जे उडालं त्यासाठी क्रेडिट कार्डाची जुनी स्टेटमेंट, ऑर्डरच्या ईमेल, चेकच्या नकला. ज्यांनी रंग दिला, इंजिन उघडलं, त्यांच्याकडून जुन्या बिलाची प्रत मागा. एका तक्त्यात तारीख, काम, रक्कम लिहीत जा. आणि तुमचे ते बारा वर्षांचे शनिवार-रविवार? स्वतःच्या श्रमाची किंमत खरेदीत धरता येत नाही. शून्य. वाईट वाटतं, पण नियम तसा आहे. उलट उद्या गाडी ५०,००० ला गेली तर तो तोटा करात वजा मिळणार नाही, कारण ती घरगुती वापराची वस्तू. नफ्यात सरकार भागीदार, तोटा एकट्या तुमचा.

तक्त्याचा आणखी एक उपयोग आहे: गिऱ्हाइकाला दाखवायला. जीटीओच्या बाबतीत पहिला संशय असतो तो नकलेचा, म्हणजे साध्या गाडीला जीटीओचं रूप दिल्याचा. ६४-६५ साली जीटीओ हा पॉन्टिॲकच्याच टेम्पेस्ट लमान्स या मॉडेलवरचा एक पर्याय होता, चासीच्या नंबरावरून ओळख पटत नाही. ६६ पासून ती स्वतंत्र मॉडेल झाली, म्हणून तुमच्या गाडीचा तो नंबर २४२ ने सुरू व्हायला हवा. पुढे पी हे अक्षर असेल तर ती पॉन्टिॲक गावातच, तुमच्यापासून तासाभराच्या आत बनली. कारखान्याच्या नोंदींची प्रत पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळते, ती मागवून ठेवा. मूळ रंग वेगळा होता आणि तुम्ही लाल दिला असेल, तर ते आधीच सांगा. नाहीतर समोरचा ते नंतर शोधून काढतो आणि भाव पाडतो.

लिलावात जास्त मिळेल का? मिळेलही. पण विक्रेत्याचं कमिशन, समजा, ८ टक्के धरलं, तर हातात ५८,००० पडायला हातोडा ६३,००० च्या वर आपटायला हवा. त्यात गाडी तिथवर नेण्याचं भाडं आलंच. ट्रॅव्हर्स सिटीच्या हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीची प्रतवारी १ ते ४ अशी असते. मला भेटलेल्या प्रत्येक मालकाची गाडी त्याच्या मते २ मध्ये असते आणि बहुतेकांची ३ निघते. एखाद्या त्रयस्थ मूल्यमापकाला दोनेकशे डॉलर देऊन दाखवा. त्याने ६५ च्या खाली सांगितलं, तर ओळखीच्या गृहस्थांचा प्रस्ताव उत्तम आहे.

कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या अर्जाची धास्ती मात्र फार बाळगू नका. एफएएफएसए या त्या सरकारी अर्जात गॅरेजातली गाडी धरत नाहीत आणि बँकेतली रोकड धरतात, जास्तीत जास्त ५.६४ टक्क्यांनी. ५८,००० वर ते ३,२७० च्या आसपास, तेवढी मदत कमी. पण तुमच्या उत्पन्नावर गरजेनुसार मदत तशीही फारशी मिळणार नाही. त्यासाठी गाडी लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पैसे आले की घराच्या कर्जाला हात लावू नका. ३.१ टक्क्यांचं कर्ज आज कुणी देणार नाही. यंदा १०,००० मिशिगनच्या ५२९ खात्यात, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात टाका, राज्याच्या करात ४२५ डॉलर वाचतील. उरलेले चार वर्षांच्या फीप्रमाणे वेगवेगळ्या मुदतीच्या सीडी (बँकेच्या मुदत ठेवी) किंवा सरकारच्या ट्रेझरी बिलांत. शेअर बाजारात नको, पहिली फी दीडेक वर्षावर आली. आणि त्यातले दहा-पंधरा हजार बाजूला काढून पुढचा सांगाडा आणायचा विचार मनात असेल, तर तो मुलीचं दुसरं वर्ष संपेपर्यंत मनातच राहू द्या.

घाई नसेल तर गृहस्थांना सांगा, गाडी ऑगस्टनंतर देतो, आणि थोडी अनामत घ्या. ऐतिहासिक वाहनाची नंबरपाटी असेल तर मिशिगनमध्ये ऑगस्टभर ती गाडी कुठेही, कशासाठीही चालवता येते. तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते. मुलीला चाकाशी बसवा आणि वहिनींना शेजारी. तोवर ठरलेल्या किमतीचा विमा चालू ठेवा. व्यवहार खरेदीदाराच्या बँकेतच करा, बँकेने चेक तुमच्यासमोर काढल्याशिवाय टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सही नको. आणि किल्ली देण्यापूर्वी पाटी काढून घ्या. मिशिगनमध्ये ती गाडीसोबत जात नाही, मालकाकडे राहते. मागचे दोन स्क्रू बहुधा गंजलेले असतील, आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवा.