भावाच्या संगीतला डान्स, मे महिना आणि स्मूथनिंग केलेले केस

तुझ्या प्रश्नातून मला कळलं ते असं: मे महिन्यात परभणीत भावाचं लग्न, आदल्या दिवशी सकाळी हळद, संध्याकाळी साडेसातला कार्यालयाच्या लॉनवर संगीत, तुझे तीन गाण्यांवर डान्स. केस पाठीच्या मध्यापर्यंत, पातळ, गेल्या वर्षी स्मूथनिंग केलेले, म्हणजे पार्लरमध्ये केमिकलने सरळ करून घेतलेले. पार्लरची वेळ चारची. रीलमधल्यासारखे मोकळे कर्ल्स हवेत. केस कधी धुवायचे, तेल लावायचं का आणि सोबत काय न्यायचं, हे विचारलंयस.

नावडतं आधी सांगून टाकते. मोकळे कर्ल्स सोड. टाँगच्या, म्हणजे कर्ल करायच्या तापत्या दांडीच्या, गरमीने केसाच्या आतले बारीक बंध सुटतात आणि केस गार होताना नव्या वळणात परत जुळतात. कर्ल म्हणजे एवढंच. पण हे बंध पाण्याला कच्चे असतात. मानेवर घाम आला की केस आपल्या मूळ वळणावर जातो, आणि स्मूथनिंगवाल्या केसाचं मूळ वळण म्हणजे सरळसोट. त्यात ते पातळ, त्यात मे महिना, त्यात तीन गाणी. पहिल्या गाण्याचे फोटो छान येतील, तिसऱ्याला केस गळ्याला चिकटलेले असतील. रीलमधली मुलगी एसी हॉलमध्ये उभी राहून फक्त मान वळवते, तिला नाचायचं नसतं.

तुझ्या केसांना शोभेल आणि टिकेल ती सैल खजुरी वेणी, एका खांद्यावर घेतलेली, आणि कपाळाजवळ दोन बटा कर्ल करून सोडलेल्या. कर्लची हौस त्या बटांवर भागवायची. वेणी बारीक दिसेल असं वाटत असेल तर हलकं गंगावन घे, पण ते नुसतं रबराने अडकवू देऊ नकोस. तुझ्या केसांत गुंफून, खाली दोऱ्याने बांधून घे. नुसतं अडकवलेलं गंगावन गिरकीला निसटतं आणि ते नेमकं व्हिडिओत येतं. जास्तच गिरक्या असतील तर मानेजवळचा अंबाडा सगळ्यात बिनघोर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पार्लरवालीला नुसतं "संगीत आहे" म्हणू नकोस, "नाचायचंय" म्हण. मी स्वतः लग्नाच्या ऑर्डरी घेते म्हणून सांगते, "नवऱ्याची बहीण, संगीत" एवढंच ऐकलं की आमच्या डोळ्यासमोर स्टेजवर बसून फोटो काढणारी पाहुणी येते आणि हात त्या हिशोबाने चालतो. वर पफ, मागे नाजूक रचना, दोन-चार मण्यांच्या पिना. दिसायला सुंदर, पण ती हलण्यासाठी केलेलीच नसते. नाचणारीचे केस आम्ही वेगळे बांधतो: आधी मागे एक घट्ट पाया, म्हणजे रबर लावलेली छोटी पोनी किंवा वेणी, आणि सगळ्या पिना त्या पायात अडकवायच्या. पिनही नुसती खुपसायची नाही. आधी केसांच्या उलट दिशेने घालायची, मग वळवून पायाकडे ढकलायची, आणि मोक्याच्या जागी दुसरी पिन पहिलीवर फुलीसारखी. यू पिना आकार देण्यापुरत्या, धरून ठेवायचं काम काळ्या पिनांचं.

म्हणून हेअरस्टाइलच्या फोटोबरोबर तुमच्या प्रॅक्टिसचा व्हिडिओही दाखव. गिरकी कुठल्या बाजूला आहे, मान कुठे झटकतेस, ओढणी डोक्यावरून काढायची स्टेप आहे का, हे दिसलं की वेणी कोणत्या खांद्यावर घ्यायची ते आपोआप ठरतं. फोटो मात्र आपल्यासारखे केस असलेल्या मुलीचा शोध, आणि मागून काढलेलाही एक ठेव. दाट केसांच्या नवरीचा फोटो दाखवून पातळ केसांवर तसंच मागितलं तर बाई "हो हो" म्हणेल, दिसणार ते दिसेलच.

आठ-दहा दिवस आधी ट्रायल घे. पैसे वेगळे पडतात का ते अगोदर विचार, बहुतेक ठिकाणी पडतात. ट्रायल झाल्यावर फोटो काढून केस सोडून टाकू नकोस. घरी जाऊन तिन्ही गाणी पूर्ण जोरात नाच. कुठली पिन सरकली, कुठे ओढ बसून डोकं दुखलं, बिंदी कुठे घसरली ते बघ आणि तसं सांग. अशी गिऱ्हाइकं आम्हाला आवडतात, खोटं नाही सांगत.

वेळेचं बघ. मेमध्ये दाट लग्नतिथी असते, एकेका पार्लरला दिवसभर रांग. ॲडव्हान्स देताना दोन गोष्टी पक्क्या कर: केस ताई स्वतः करणार की हाताखालची मुलगी, आणि तुझ्या आधी कोण आहे. चार ते साडेसात ऐकायला भरपूर वाटतं. केसांना तास-दीड तास, मेकअपला तेवढाच, पुढे साडी किंवा घागरा आणि कार्यालयापर्यंतचा रस्ता. तीनची वेळ मिळाली तर घे. आणि सोबत फक्त एकीला ने. आत्या, चुलती, मावशी सगळ्या निघाल्या की तिथे गेल्यावर "हिचं पण जरा करून द्या ना" सुरू होतं, आणि त्या "जरा"मध्ये तुझा अर्धा तास जातो.

विजेचंही विचार. आपल्याकडे मेमध्ये दुपारनंतर वारं सुटतं, वळवाचे चार थेंब पडतात आणि लाइट जाते. छोट्या पार्लरच्या इन्व्हर्टरवर पंखा-दिवे चालतात, ड्रायर चालत नाही. जनरेटर नसेल तर केस पूर्ण कोरडे करूनच जा. ओलसर केसांवर टाँग तसाही लावू देऊ नये, आतल्या पाण्याची वाफ होऊन केस फुटतो.

आता धुण्याचं. एरवी मी डोळे झाकून सांगते की आदल्या रात्री न्हा. त्याच दिवशी धुतलेले केस इतके निसरडे असतात की पिन धरत नाही. पण तुझी हळद त्याच सकाळी आहे, आणि हळदीला डोकं वाचलेलं मी तरी पाहिलं नाही. करवलीला तर जास्तच माखतात. तेव्हा असं कर: आदल्या रात्री शाम्पू कर, कंडिशनर फक्त टोकांना, सीरम काही नाही. सकाळी केस घट्ट बांधून वर सुती स्कार्फ, कपाळावरच्या कडेसकट. फुलांचे दागिने स्कार्फवरूनच घाल, फोटोत वाईट दिसत नाही. तरी हळद लागलीच तर पूर्ण डोकं न धुता तेवढाच पुढचा भाग बेसिनवर शाम्पूने धू आणि पंख्याखाली वाळव. तेलात कालवलेली हळद नुसत्या पाण्याने जात नाही, चोळत बसलीस तर कपाळ पिवळं आणि केस चिकट. मुळातच तेलकट टाळू असेल तर मात्र दुपारी पूर्ण धुतलेलं बरं, पार्लरवाली मुळांना पावडर किंवा स्प्रे मारून पकड आणेल.

तेल दोन-तीन दिवस आधी लाव, हवं तेवढं. आदल्या रात्री आई वाटी घेऊन आली तरी नाही म्हण. "ऊन लागतं गं डोक्याला" हे खरं असलं तरी एक दिवस चालेल.

पाण्याचा मुद्दा कुणी सांगत नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. शाम्पूला फेस येत नाही, म्हणून आपण अजून शाम्पू ओततो, आणि केस वाळल्यावर राठ नि निस्तेज दिसतात. शेवटचा तांब्या-दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घे. ज्या जिल्ह्यांनी २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिलं, तिथे यापेक्षा जास्त फिल्टरचं पाणी केसांवर ओत असं मी सांगणार नाही.

रंग किंवा मेहंदी लावायची तर आठवडाभर आधी. डायची टेस्ट कानामागे करून ४८ तास थांब. लग्नाच्या तोंडावर कपाळ सुजलेल्या मुली मी पाहिल्यात. आणखी एक, लाजू नकोस: घरात शाळकरी भाच्या-पुतण्या आल्या असतील तर उवांची तपासणी पंधरा दिवस आधी करून घे. एकदा औषध लावून संपत नाही. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून औषधाच्या पाकिटावर सांगितल्याप्रमाणे दुसऱ्यांदा लावावं लागतं. खुर्चीत बसल्यावर दिसल्या तर चांगली पार्लरवाली हात लावत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

जाताना अंगात पुढून बटणांचा शर्ट घाल, टी-शर्ट नको. डोक्यावरून काढायची पाळी आली की सगळं मुसळ केरात. बिंदी, कानाच्या साखळ्या, केसांत लावायचं सगळं सोबत ने, कारण साखळीचा हूक कुठे अडकवायचा हे वेणी घालतानाच ठरतं. ओढणी नेलीस तर उत्तम. मोगरा मेमध्ये भरपूर असतो, पण फुलवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेव, कळ्यांचाच गजरा मागव आणि लावेपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात फ्रिजमध्ये ठेव. उमललेला गजरा नाचताना झडतो. पर्समध्ये दहा-बारा काळ्या पिना, दोन रबरं, रुमाल. घाम टिपायचा, पुसायचा नाही. स्प्रे ओला असेपर्यंत औक्षणाच्या तबकाजवळ जाऊ नकोस, आणि एंट्रीला कोल्ड पायरो, म्हणजे ठिणग्यांची कारंजी, लावणार असतील तर त्यापासून चार हात लांब. तो स्प्रे पेट घेतो.

रात्री कितीही दमलीस तरी तसंच झोपू नकोस, दुसऱ्या दिवशी लग्न आहे आणि केस परत करायचेत. आधी गजऱ्याचा दोरा काप, मग पिना खालून वर एकेक काढ. गंगावन सोडव. स्प्रेने कडक झालेल्या भागाला कोरडेपणीच कंडिशनर चोळून पाच मिनिटं थांब, मग टोकांकडून वर मोठ्या दातांच्या फणीने सोडव आणि धुऊन टाक. मुळांपासून फणी ओढलीस तर बॅककोंबिंगच्या, म्हणजे उलटी फणी मारून फुगवलेल्या केसांच्या, गुंत्यात पातळ केस तुटतात. लग्नाच्या दिवशी साधा अंबाडा आणि नवा गजरा पुरे, त्या दिवशी तुला नाचायचं नाही. वरातीत नाचणार असशील तर तेही पार्लरवालीला सांग.