गाय पिसाळून मेली, तिचं दूध घरात प्यायलं गेलं, आता काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतून समुपदेशनाला येणारी माणसं हा प्रश्न मला वारंवार विचारतात. उत्तर म्हणून एका ताईंची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांच्या गाईनं चारा सोडला, तोंडातून सारखी लाळ गळायला लागली, घोगऱ्या आवाजात ती हंबरत राहिली. मग मागचे पाय लुळे पडले आणि ती मेली. काही आठवड्यांपूर्वी तिला कुत्रं चावलं होतं, हे तेव्हा कुणाला तरी आठवलं. पशुवैद्यकांनी लक्षणं ऐकून रेबीजचा दाट संशय सांगितला आणि गावभर बोंब झाली. रतिबाचं दूध घेणारे दारात येऊन भांडले. ताईंनी दही, ताक, तूप सगळं उकिरड्यावर ओतलं.

सहा वर्षांच्या मुलाला घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "मॅडम, पोट्टा तिचंच दूध पेला. आता तो पाण्याले भ्याला तं मी काय करू?"

रेबीज झालेला माणूस पाण्याला घाबरतो, एवढं त्यांनी ऐकलं होतं. म्हणून दिवसातून कितीतरी वेळा त्या मुलाच्या हातात पाण्याचा गिलास द्यायच्या आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. रात्री झोपेतून उठवूनही. आईचा तो चेहरा बघून लेकरू गिलास दूर ढकलायला लागलं होतं आणि त्यांना तोच पुरावा वाटत होता. मुलगा माझ्यासमोर खेळत होता. बाहेरच्या नळावर जाऊन तो ओंजळीनं पाणी पिऊन आला, तेही मी त्यांना दाखवलं.

"काही होत नाही, घाबरू नका," असं त्यांना आधीच चार जणांनी सांगितलं होतं. अशा धीरानं भीती तासभर दबते आणि पुन्हा वर येते. म्हणून मी म्हटलं, ताई, गाय आजारी पडली त्या दिवसापासून कोणी काय केलं ते क्रमानं सांगा.

त्या सांगत गेल्या. दूध रोज उकळलेलं असायचं. दही त्याच दुधाचं. निरसं दूध घरात कोणी पीत नव्हतं. मग मी स्पष्ट सांगितलं: रेबीजचा विषाणू उकळलेल्या दुधात टिकत नाही, अशा दुधासाठी लस लागत नाही. पिसाळलेल्या जनावराचं दूध वापरायचं नाहीच, आणि निरसं पोटात गेलं असेल तर डॉक्टरांना विचारायचं. पण माणसाला रेबीज होतो तो मुख्यतः लाळेतून. चावा, ओरखडा, किंवा लाळ जखमेवर, डोळ्यात, तोंडात जाणं.

लाळेचं नाव काढल्यावर त्या सहज बोलून गेल्या, "यायनं तिच्या घशात काही अटकलं म्हणून हात घातला होता."

नवरा बाहेर बसला होता. कापूस वेचणीचे दिवस. पऱ्हाटीच्या बोंडांनी बोटं ओरबाडलेली. तो म्हणाला, "ढोराले औषध पाजाले हात तं घालाच लागते. त्यात काय?"

त्याच दिवशी त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. डॉक्टरांनी हा गंभीर संपर्क धरला, सीरम (विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं आणि लस सुरू केली. पहिला दिवस शून्य धरून पुढे 3, 7 आणि 28 व्या दिवशी. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. लाळ लागल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुणं, हे त्यांच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पिसाळलेल्या जनावराला गिळता येत नाही, म्हणून काहीतरी अडकल्यासारखं दिसतं आणि शेतकरी हात घालतो. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

लेकराच्या पोटात गेलेल्या गोष्टीची आईला धास्ती वाटणारच, त्यात तिचं चुकत नाही. पण गावाची भीती अनेकदा भलत्याच जागी बसते. 2022 मध्ये लम्पी पसरला तेव्हाही लोकांनी दुधाची धास्ती घेतली, आणि तो आजार माणसाला होतच नाही. उलट गाय गाभडली की वार आणि मेलेलं वासरू उघड्या हातानं उचलतात, धारेचं निरसं दूध ताकदीचं म्हणून पितात. ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा आजार नेमका याच वाटेनं येतो, ताप आणि सांधेदुखी महिनोन्महिने पाठ सोडत नाही.

खरं काय ते कळल्यावर ताईंची भीती एका दिवसात गेली नाही. आम्ही ठरवलं की मुलाची पाण्यावरून परीक्षा घ्यायची नाही, तहान लागेल तेव्हा तो स्वतः माठातून घेईल. मनात शंका आली तर ती मुलाला न विचारता जावेला सांगायची. पुढच्या भेटींत हे हळूहळू जमत गेलं. शेजारच्या म्हशीचं दूध त्यांनी स्वतः उकळून त्याला पुन्हा द्यायला सुरुवात केली.

एका भेटीत त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. नवऱ्यानं हात घातला तेव्हा गाईचा जबडा शेजाऱ्यानं धरला होता. तो दवाखान्यात जायला तयार नव्हता. "मी कुठं तिचं दूध पेलो?" असं म्हणाला. ताई गावातल्या आशा आरोग्यसेविकेला घेऊन त्याच्या घरी गेल्या आणि दुधाचं नव्हे, लाळेचं बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्याची लस सुरू झाली.