रिपोर्ट नॉर्मल, मग मला होतं ते काय?

फाइल त्यांनी गाडीच्या कागदपत्रांसारखी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. तीन ईसीजी, एक टू-डी इको, थायरॉइड, शुगर आणि सगळ्यात मागे मेंदूचा एमआरआय. सगळ्यांवर एकच शेरा, नॉर्मल. एमआरआयचा लिफाफा माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बघा. मेंदूची नस दबलीय, पण कुणी स्पष्ट सांगत नाही."

बेचाळीस वर्षांचे टेम्पोचालक. नाशिकचा भाजीपाला रात्री वाशीला पोचवायचा, सकाळी परत. (त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) चार महिन्यांपूर्वी कसारा घाटात पहाटे तीन वाजता गाड्या तुंबल्या होत्या. अचानक छाती धडधडू लागली, तळवे घामेजले, तोंडाभोवती मुंग्या आल्या, बोटं वाकडी होताहेत असं वाटलं. "आता डोक्यातली नस फुटणार," एवढंच मनात. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं ओसरलेलं. त्यानंतर असं पाच वेळा झालं. वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या होत्या. मी त्याला नावं ठेवत नाही, निदान त्या रात्री घरात कुणीतरी झोपलं असेल.

पण त्यांचा खरा सल वेगळा होता. "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मी नाटक करतो असं घरचे समजतात. भाऊ म्हणतो, मनाचे खेळ आहेत." त्यांना येत होते ते भीतीचे झटके, म्हणजे पॅनिक अटॅक. हा प्रश्न माझ्यासमोर आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून हे लिहितेय.

घोटाळा आपल्या भाषेपासूनच सुरू होतो. ‘नस’ या एका शब्दात आपण रक्तवाहिनीही कोंबतो आणि मज्जातंतूही. मी त्यांना विचारलं, "दादा, गाडीत डिझेलचा पाइप आणि वायरिंग एकच का?" ते हसले. त्या चार महिन्यांतलं पहिलं हसू असावं, कारण वहिनींनी चमकून बघितलं. रक्तवाहिनी हा पाइप. तो तुंबू शकतो, फुटूही शकतो, त्याला आपण पक्षाघात किंवा रक्तस्राव म्हणतो. मज्जातंतू म्हणजे वायरिंग. त्यातून रक्त नव्हे, निरोप जातात. एमआरआय म्हणजे बॉनेट उघडून काढलेला फोटो. पाइप-वायरी जागच्या जागी आहेत हे त्यात दिसतं. हॉर्न कधी वाजेल, ते दिसत नाही.

"म्हणजे माझा हॉर्न अडकलाय," ते म्हणाले. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

मग लिफाफ्याच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. माझी चित्रकला भयंकर आहे, मेंदू फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झाला. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एकेक भाग असतो, अमिग्डला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच बदाम. धोका ओळखणं हे त्याचं एक मोठं काम, आणि ते तो घाईत करतो. कपाळामागचा भाग विचार करणारा, पण सावकाश. तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि चटका नंतर जाणवतो ना, तिथे तर पाठीच्या कण्यातला मेरुरज्जूच हात ओढून घेतो, मेंदूला बातमी मागाहून मिळते. शरीराचा हिशेब साधा आहे. चुकून दहा वेळा दचकलं तरी चालेल, पण खरा साप एकदाही सुटायला नको.

बदामाने इशारा दिला की निरोप स्वायत्त मज्जासंस्थेकडे, म्हणजे आपल्याला न विचारता चालणाऱ्या वायरिंगकडे जातो. तिची एक शाखा पळायची तयारी करते. पुस्तकात तिचं नाव ‘अनुकंपी’, इतकं गोड नाव कुणी ठेवलं कोण जाणे! मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, घाम येतो, तोंड कोरडं पडतं, पोटात कालवतं. यातलं काहीच खोटं नाही. फक्त समोर साप नाही, भाज्यांचा ट्रक उभा आहे. त्यात तीन रात्रींची अर्धवट झोप आणि रात्रभर जागं राहायला आठ-दहा कप चहा.

"आणि मुंग्या? त्या तर नसेच्याच ना?" वहिनींचा प्रश्न बरोबर होता. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, गरगरतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी माणूस आणखी घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो.

सांगून हे पटत नाही. हृदय आणि फुप्फुसं ठीक असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं, म्हणून दुसऱ्या भेटीत त्यांना खुर्चीत बसवून अर्धा मिनिट मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावले. (घरी एकट्याने हा प्रयोग करू नका.) पंचविसाव्या सेकंदाला ते थांबले, बोटांकडे बघत राहिले. "हेच. मॅडम, हेच होतं घाटात." मग चारपर्यंत मोजत श्वास आत, सहापर्यंत मोजत बाहेर. श्वास लांबवून सोडला की मेंदूच्या बुंध्यातून निघून छाती-पोटापर्यंत भटकणारा व्हेगस हा मज्जातंतू ठोके मंदावतो. व्हेगसचा लॅटिन अर्थ भटका. अडीच मिनिटांनी मुंग्या गेल्या. माझ्या गड्ड्याच्या चित्रापेक्षा त्या अडीच मिनिटांनी जास्त काम केलं.

पुढचं नेहमीच्या वाटेने गेलं. रात्री दहानंतर चहा बंद, हा नियम त्यांना सगळ्यात जड गेला. मनोविकारतज्ज्ञांनी काही महिने गोळी दिली, औषध लिहिणं माझं काम नव्हे. पहिले चार फेरे मेहुणा शेजारी बसला. झटका आला तर गाडी बाजूला घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे, आणि दवाखान्याकडे पळायचं नाही, घड्याळ बघायचं. हा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि उतरू लागतो.

एक गोष्ट मात्र लिफाफ्यावर ठळक लिहून दिली. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर श्वास मोजत बसायचं नाही, तडक मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे भानगड पाइपची असते आणि मिनिटं मोलाची. आणि रात्री-बेरात्री नुसती भीती दाटून आली, बोलायला कुणी नसलं, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक. तिथे मराठीतही बोलता येतं.

दीड महिन्याने सकाळी सातला फोन आला. मागे हॉर्नचा गोंगाट.

"मॅडम, आज घाटात झालं परत."

"मग?"

"बाजूला घेतली. सात मिनिटं लागली. आता कसाऱ्याला आहे." थोडं थांबून म्हणाले, "चहा घेतलाय एक. सकाळ आहे, चालतो ना?"