शिन्यी : जिल्हा, प्रभाग की विभाग?

प्रश्न असा आला आहे : तैवानची राजधानी ताइपेइ, तिच्याविषयीच्या एका मराठी मजकुरात ‘शेतजमिनीवर उभा राहिलेला शिन्यी जिल्हा’ असं वाचलं. शहराच्या पोटात जिल्हा कसा? इथल्या ‘डिस्ट्रिक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

शंका रास्त आहे. इथे ‘जिल्हा’ चालणार नाही. मूळ चिनी शब्द ‘छ्यू’, म्हणजे महानगराच्या कारभारासाठी पाडलेला भाग. आपल्या जिल्ह्याशी जुळतो तो ‘श्येन’, इंग्रजीतली काउंटी. हा फरक पाळला नाही तर केवढा घोळ होतो पाहा. २५ डिसेंबर २०१० रोजी ताइपेइ शहराभोवतालच्या ताइपेइ काउंटीचं न्यू ताइपेइ शहर झालं आणि त्यात २९ छ्यू आले. दोन्हींना जिल्हाच म्हटलं, तर एक जिल्हा जाऊन त्याच जागी २९ जिल्हे उगवले असं लिहावं लागेल!

बरेच जण ‘प्रभाग’ सुचवतात. पण प्रभाग म्हटला की निवडणूक आली, नगरसेवक आला. शिन्यीचा प्रमुख निवडून येत नाही, त्याला ताइपेइचे महापौर नेमतात. निवडणूक होते ती त्याखालच्या ‘ली’ या वस्तीच्या प्रमुखाची. म्हणून मला ‘विभाग’ चपखल वाटतो. मुंबई महापालिकेचा ‘जी उत्तर विभाग’ म्हणतो ना, अगदी तसा : स्वतःचं कार्यालय असलेला, नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखालचा.

‘उपनगर’ मात्र नको. जुनं ताइपेइ पश्चिमेला, नदीकाठी. पूर्वेकडच्या या पट्ट्यात भातखाचरं होती, लष्कराचा शस्त्र कारखाना आणि त्याच्या कामगारांची वसाहत होती. त्या काळाबद्दल लिहिताना ‘शहराबाहेरची शेतं’ म्हणा, हरकत नाही. पण १९९० मध्ये सोंगशान आणि दाआन या विभागांचे भाग काढून शिन्यी विभाग झाला, १९९४ मध्ये महापालिकेचं मुख्यालयच तिथे आलं आणि २००४ अखेर ५०८ मीटर उंचीची ताइपेइ १०१ ही इमारत खुली झाली. आता शहराचं केंद्र तेच आहे.

उच्चाराचंही सांगून टाकते. रोमन लिपीत सुरुवातीला ‘एक्स’ दिसतो म्हणून ‘झिन्यी’ लिहू नका, तो ‘श’ आहे. आणि प्रशासनाचा संबंध नसेल, तिथे नुसतं ‘शिन्यी भागात’ लिहिलं तरी पुरे.