फोन पालथा कोणी ठेवला?

"मॅडम, मला आध्यात्मिक जागृती झाली होती. ती आता गेली का? की तो आजारच होता?" हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणाऱ्याला खरे तर दोन भीती असतात. आपण वेडे होत आहोत ही एक, आणि आपल्याला मिळालेले कोणीतरी काढून घेईल ही दुसरी. पुढील अनुभव संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

हे गृहस्थ चव्वेचाळीस वर्षांचे होते. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला त्यांचा टॉवेलचा छोटा यंत्रमाग कारखाना होता. जानेवारीतल्या एका पहाटे, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसले असता त्यांना क्षणभर असे जाणवले की पाणी आहे, गारवा आहे, मंदिराचा आवाज आहे, पण हे सारे ज्याला घडते आहे तो 'मी' कुठेच नाही. त्यांना रडू आले आणि फार हलके वाटले. त्या दिवशी कारखान्यात जाऊन, आदल्या आठवड्यात ज्याला वाटेल ते बोलले होते त्या कामगाराची त्यांनी माफी मागितली. नंतर त्यांनी अद्वैतावरची प्रवचने रात्र रात्र ऐकली आणि एप्रिलपर्यंत त्यांची अवस्था अशी झाली की आनंद नाही, दुःख नाही, सगळे काचेपलीकडे चालल्यासारखे.

त्यांना घेऊन आलेल्या पत्नीचे म्हणणे थोडक्यात होते. "ह्यांचं काय खरं नाही बघा, मॅडम. मुलीच्या फीचं विचारलं तर म्हणतात, फी कोणाची?"

सर्वप्रथम मी झोप, भूक आणि मरणाचे विचार यांबद्दल स्पष्ट विचारले. मरणाचे विचार नव्हते, पण झोप जेमतेम साडेतीन तास होती. आपण आपल्यापासून किंवा जगापासून तुटलो आहोत ही भावना अपुऱ्या झोपेने, नैराश्याने किंवा दीर्घ चिंतेने येऊ शकते, आणि ती टिकून राहून त्रास देऊ लागली तर मानसोपचारशास्त्रात तिला विकार म्हणून नाव आहे. त्याच शास्त्राने दुसरी बाजूही मान्य केली आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 1994 च्या निदानपुस्तिकेत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' हा वर्ग घातला, आणि तो विकार म्हणून नव्हे, तर लक्ष देण्याजोगी अडचण म्हणून घातला. त्यामुळे तलावाकाठच्या अनुभवावर शिक्का मारण्याचे मला कारण नव्हते. मानसोपचारतज्ज्ञांकडे मात्र पाठवले. "आत्मज्ञानावर गोळी?" असे त्यांनी विचारले. गोळी झोपेवर आहे, असे मी सांगितले.

अशा वेळी ज्या परंपरेचे नाव समोरचा घेतो, तिचेच बोट धरणे मला बरे वाटते. अद्वैत शिकवणारे सिद्धरामेश्वर महाराज (सोलापूरचे ग्रामदैवत असलेले बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर निराळे) 1888 मध्ये याच जिल्ह्यातल्या पाथरीत जन्मले. मुंगीच्या चालीने, जप-ध्यानाने जाणारा पिपीलिका मार्ग आणि श्रवण-विवेकाच्या पंखांनी जाणारा विहंगम मार्ग, हा भेद त्यांच्या शिकवणीमुळे अनेकांना माहीत आहे. "आपण विहंगमवाले," असे गृहस्थ म्हणाले आणि पुढे, "निसर्गदत्त महाराजही संसार सोडून निघाले होतेच की." ते खरे आहे. निसर्गदत्तांचे गुरू म्हणजे हेच सिद्धरामेश्वर महाराज; ते 1936 मध्ये वारले, त्यानंतर 1937 मध्ये निसर्गदत्त घर सोडून निघाले. पण आठ महिन्यांनी ते मुंबईला परतले आणि बिडीचे दुकान व संसार पुन्हा सांभाळू लागले, हा भाग माझ्यासमोरच्या गृहस्थांनी ऐकलेल्या प्रवचनांत बहुधा आला नसावा.

तिसऱ्या भेटीत टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. सुताच्या व्यापाऱ्याचे नाव दिसले. त्यांनी फोन अलगद उचलून पालथा ठेवला आणि शांत आवाजात म्हणाले, "फोन येतो आहे, एवढंच दिसतं. घेणारा कोणी नाही."

मी विचारले, "मग पालथा कोणी ठेवला?"

ते हसले नाहीत. बराच वेळ त्या फोनच्या पाठीकडे पाहत राहिले. खरे सांगायचे तर प्रश्न जरा आगाऊपणाचा होता आणि पहिल्या भेटीत तो विचारला असता तर ते उठून गेले असते.

त्यानंतर मी त्यांना एकच काम दिले. ते काचेपलीकडचे वाटणे सुरू झाले की त्याच्या मिनिटभर आधी हातात, कानावर किंवा मनात काय होते, एवढेच उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे. अर्थ लावायचा नाही. पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी नऊ नोंदींत बँकेचा हप्ता, सुताची उधारी किंवा भागीदारीतून बाहेर पडलेला धाकटा भाऊ होता. सगळे नुसते अलिप्तपणे पाहण्याचा त्यांचा साक्षीभाव महिन्याच्या 5 तारखेला अगदी वेळेवर हजर होत असे. 'मी कोण' हे विचारताना घाबरलेला, लाजलेला आणि भावावर चिडलेला 'मी' त्यांनी चौकशीतून सोयीस्कर वगळला होता. तलावाकाठी काही झाकावे लागले नव्हते, उलट माफी मागण्याचे बळ आले होते. आता मात्र तेच शब्द वहीवर पांघरूण घालायला वापरले जात होते. हा फरक मी त्यांना समजावला नाही, कारण नवव्या नोंदीशी त्यांनी स्वतःच "परत तेच" असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

पुढच्या दोन महिन्यांत झोप सहा तासांवर आली आणि डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण कमी करायला घेतले. कर्ज आहे तिथेच आहे. पत्नी अजून चिडलेली आहे, आणि मला वाटते तिचा तो हक्क आहे.

गेल्या भेटीत त्यांनी सुताच्या व्यापाऱ्याला आपणहून फोन केल्याचे सांगितले. त्याने दहा मिनिटे वाटेल ते सुनावले आणि शेवटी तीन हप्त्यांना कबूल झाला.

"ऐकताना हात थरथरत होते. थरथरणारा कोण, तेही बघत होतो," ते म्हणाले.

"सापडला?"

"नाही. पण या वेळी शर्ट घामानं भिजला होता, मॅडम. एप्रिलमध्ये तेवढंसुद्धा होत नव्हतं."