लडाखच्या त्सो मोरीरीला पर्यटकांचा खरंच त्रास होतो का? तिथे तर वस्तीही जेमतेम आहे.

होतो, आणि गर्दी कमी असली तरी होतो. साडेचार हजार मीटर उंचीवरच्या या सरोवरातून पाणी बाहेर वाहून जात नाही, फक्त वाफ होऊन उडतं. म्हणून ते मचूळ आहे, आणि सांडपाणी आत गेलं की त्यातली घाण तिथेच साठते. हिवाळ्यात सरोवर गोठतं, त्यामुळे सगळ्या जीवसृष्टीला आपली वीण आणि वाढ उन्हाळ्याच्या जेमतेम चार महिन्यांत आटोपावी लागते. पर्यटकही नेमके तेव्हाच येतात!

खरा जीव काठच्या दलदलीत आहे. काळ्या मानेचे क्रौंच आणि पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी) तिथे जमिनीवर घरटी करतात. फोटोसाठी गाडी थेट पाण्यापर्यंत नेली की चाकोऱ्या पडतात, पाणथळ गवत चिरडतं. त्याहून वाईट म्हणजे भटकी कुत्री. तंबूंच्या खरकट्यावर ती पोसली जातात आणि अंडी-पिल्लं फस्त करतात. २००२ पासून हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण पाटीला कुत्री थोडीच घाबरतात!

हिवाळ्यात आपल्या जायकवाडीवर उतरणारे पट्टकादंब अशाच उंच सरोवरांवर वाढलेले असतात. जायचं असेल तर मुक्काम काठापासून लांब करा, गाडी रस्त्यावरच ठेवा आणि खरकटं मागे सोडू नका.