मुंबईत पहिल्यांदाच एकटी जातेय, दोन रात्रींसाठी हॉटेल कुठल्या भागात घेऊ?

आधी काम कुठे आहे ते बघा. वांद्र्याला मुलाखत आणि स्वस्त पडतं म्हणून खोली पनवेलला, असं केलंत तर निम्मा दिवस लोकलमध्येच जाईल. काहीच ठरत नसेल तर दादर पश्चिम. पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्ही तिथे मिळतात, रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते आणि जेवणाची चिंता नाही. फक्त फुलबाजाराच्या बाजूची खोली नको, पहाटेच गलका सुरू होतो.

अॅपवर पैसे भरण्याआधी हॉटेलला थेट फोन करा. ‘एकटी आहे, रात्री ११ ला पोचेन, चालेल ना?’ एवढंच विचारा. समोरचा अडखळला की फोन ठेवा. आधार चालेल का, हेही विचारा. मी एकदा आगाऊ पैसे भरून गेले, तर काउंटरवरच्या माणसाने आधारवरचा ठाण्याचा पत्ता बघितला आणि म्हणाला, ‘लोकल आयडी चालत नाही, मॅडम.’ रात्री साडेदहाला बॅग घेऊन परत रिक्षा शोधत फिरले!

रात्रीच्या गाडीने येणार असाल तर पहाटे पोचाल, आणि खोली बहुतेक ठिकाणी दुपारी १२ नंतरच मिळते. तोवर बॅग ठेवून घेतील का, ते त्याच फोनवर विचारून घ्या.